मॉडिफाय केलेली ऑक्टाव्हिया १.८ घ्यावी की फॅक्टरीतून आलेली व्हीआरएस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला तेच प्रश्न येतात, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी पंपावर हवा भरताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. गाड्या कुठल्या ते आधी ठरवून घेऊ: एका बाजूला २०१३ ते २०२० मधली स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), जिच्यावर कोणीतरी रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), डाऊनपाइप (टर्बोला लागून असलेला धुराचा पाइप) वगैरे केलंय, आणि दुसऱ्या बाजूला कंपनीनंच तयार करून विकलेली ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० किंवा आरएस २४५ (व्हीआरएस म्हणा की आरएस, ऑक्टाव्हियाचं ताकदवान रूपच). मी स्वतः स्टेज १ (प्रश्न ३ बघा) केलेली १.८ साडेतीन वर्षं चालवली, आणि मावसभावाची २३० महिन्यातून दहा दिवस माझ्याच पार्किंगला असते, तेव्हा माझं मत थोडं कुठे झुकतं ते कळेलच.

१. दादा, मुळात फरक काय आहे? दोन्ही ऑक्टाव्हियाच ना?

हो, सांगाडा तोच, दारं तीच, डिकी तीच ती अवाढव्य. १.८ टीएसआय १८० पीएस (ताकद) आणि २५० एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ) देते, सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, क्लच कोरडे). व्हीआरएस २३० इथे २०१७ मध्ये आली, २४.६२ लाख एक्स शोरूम, २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० एनएम आणि सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी (क्लच तेलात बुडलेले). मग २०२० मध्ये आरएस २४५, बाहेरून तयार आलेल्या फक्त २०० गाड्या, ३५.९९ लाख, २४५ पीएस, ३७० एनएम, सात गिअरचा वेट क्लच. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे शून्य ते शंभर २३० ला ६.८ सेकंद आणि २४५ ला ६.६.

२. १.८ ला रिमॅप केलं की २३० पीएस होतात असं सगळे म्हणतात, मग व्हीआरएसला जास्त पैसे कशाला द्यायचे?

हाच खरा प्रश्न आहे आणि ह्याचं उत्तर इंजिनात नाही, गिअरबॉक्समध्ये आहे. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, ईए८८८, सिलेंडरचा व्यास दोन्हीकडे ८२.५ मिमीच, फक्त स्ट्रोक १.८ ला ८४.१ आणि २.० ला ९२.८. टर्बो मात्र वेगळा, १.८ ला छोटा आयएस१२ आणि २३० ला आयएस२०. म्हणजे १.८ चं इंजिन जास्त ताकद द्यायला कुरकुर करत नाही, मागितली की देतं.

पण त्याच्या मागे जो ड्राय क्लच गिअरबॉक्स आहे ना, डीक्यू२००, तो बनवलाच २५० एनएमसाठी. आता गंमत बघा, हेच १.८ इंजिन भारतात २०१६ च्या स्कोडा सुपर्बमध्ये होतं, तिथे मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत कंपनी ३२० एनएम द्यायची आणि डीएसजीसोबत २५०. इंजिन तेच, गाडी तीच, शोरूम तोच, नुसता गिअरबॉक्स बदलला की ७० एनएम गायब. कंपनीनं स्वतःच लिहून दिलेली मर्यादा आहे ती, कोणाचं मत नाही. रिमॅप करणारा काय करतो तर हीच मर्यादा सॉफ्टवेअरमधून उचलून टाकतो, गाडी पहिल्या दिवशी अशी ओढते की हसू थांबत नाही, आणि हिशोब नंतर क्लच पॅक करतो.

माझ्या गाडीचं सांगतो. स्टेज १ नंतर पहिलं वर्ष मजेत गेलं. मग चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना, गाडीच्या पोटात कोणीतरी सायकलची चेन ओढतंय असा थरथराट यायला लागला, थंड असताना नाही, अर्धा तास रांगेत रांगल्यावर. ट्यूनरला फोन केला तर म्हणाला ‘नॉर्मल आहे’, दुसऱ्यांदा केला तर मीटिंगमध्ये आहे, तिसऱ्यांदा उचललाच नाही. क्लच पॅक माझ्या खर्चानं बदलला. चूक कोणाची म्हणाल तर माझी, मर्यादा माहीत असून ओलांडली होती.

म्हणून २३० चे पैसे हे २३० पीएसचे नाहीत, त्या ३५० एनएमला पेलणाऱ्या गिअरबॉक्सचे आहेत.

३. स्टेज १, स्टेज २ म्हणजे नक्की काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण ह्याला सरकारी व्याख्या नाहीये, ज्याची त्याची स्टेज. ढोबळमानानं स्टेज १ म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, पार्ट सगळे कंपनीचेच. स्टेज २ म्हणजे सोबत डाऊनपाइप, बऱ्याचदा इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि इंटरकूलरही (टर्बोतली तापलेली हवा थंड करणारा). त्याच्या पुढे टर्बो बदलणं येतं, १.८ वर आयएस२० किंवा थेट आयएस३८ बसवतात. विकणारा ‘स्टेज २ आहे’ म्हणाला की स्टेज विचारू नका, पार्टची यादी मागा, बिलासकट. ‘गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर केलंय का’ हेही विचारा, कारण इंजिन ट्यून करून गिअरबॉक्सला जुन्याच भ्रमात ठेवलं की क्लच आणखी लवकर जातो.

४. ताकद सोडली तर व्हीआरएसमध्ये वेगळं काय आहे? सीट आणि स्पॉइलरच ना?

नाही हो. पुढच्या ब्रेक डिस्क ३४० मिमीच्या आहेत, १.८ ला ३१२. सस्पेन्शन कडक आणि १५ मिमी खाली, आणि स्टिअरिंगची रॅकच वेगळी आहे, जितकं जास्त वळवाल तितकं भराभर वळतं, पार्किंगमध्ये पहिल्यांदा लक्षात येतं. २४५ मध्ये ह्याच्यावर पुढच्या चाकांमधला इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल आहे, म्हणजे वळणातून बाहेर पडताना पाय दाबला तर आतलं चाक नुसतं फिरत बसत नाही. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात एकदा दोन्ही गाड्या पाठोपाठ चालवा. माझी १.८ दुसऱ्या गिअरमध्ये ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लावून बसायची आणि मीटरमध्ये तो पिवळा दिवा लुकलुकत असताना पुढची २३० वळणापलीकडे गेलेली असायची. आकड्यात दोघी जवळजवळ सारख्या होत्या.

ब्रेकबद्दल एवढंच म्हणेन की मॉडिफाय करणारे दहातले आठ जण आधी आवाज करतात, मग ताकद, आणि ब्रेक पैसे उरले तर. गाडी बघायला जाल तेव्हा ह्याच उलट्या क्रमानं बघा.

५. २३० घेऊ की २४५?

मिळेल ती. खरंच, आधी चांगली एक तरी मिळू दे. दोन्ही समोर उभ्या असतील आणि पैसे असतील तर २४५, डिफरन्शिअलसाठी. पण तिला १८ इंची चाकं आणि ४० प्रोफाइलचे टायर आहेत, आणि आपले रस्ते तुम्हाला माहितीच आहेत. हिंजवडीला रोज जाणार असाल तर स्टेपनी आणि पंक्चरवाल्याचा नंबर दोन्ही जवळ ठेवा.

६. डीलर म्हणतोय २०२१ ची २.० टीएसआय घ्या, तीही व्हीआरएससारखीच आहे. खरं का?

अर्धं खरं. २०२१ ची नवी ऑक्टाव्हिया २.० टीएसआय १९० पीएस आणि ३२० एनएमची, आणि महत्त्वाचं म्हणजे गिअरबॉक्स सात गिअरचा वेट क्लच. व्हीआरएस ती नाही, सस्पेन्शन मऊ आहे आणि ब्रेकही साधे. पण ज्याला मॉडिफायच करायची हौस आहे त्यानं १.८ च्या ऐवजी हीच पाया म्हणून घ्यावी असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो, कारण प्रश्न २ मधला सगळा रडगाण्याचा भागच गळून पडतो. हौस नसेल तर स्टॉक ठेवा, १९० पीएस कमी नसतात, आपल्या आईवडिलांनी १०० च्या आतच संसार केला.

७. मॉडिफिकेशन कायदेशीर आहे का? सगळेच तर करतात.

सगळेच सिग्नलही तोडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं की आरसीवर नोंदलेला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील ह्यात फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दर बदलामागे, हे नीट वाचा. आवाज आणि धुराचं वेगळं, कलम १९०(२), पहिल्याच वेळेला १०,००० पर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं.

प्रत्यक्षात नाक्यावरचा पोलीस ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उघडून बघत नाही, तो ऐकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) काढलेला डाऊनपाइप आणि फटाके फोडणारा मॅप असेल तर फर्ग्युसन रस्त्यावर शनिवारी रात्री तुम्ही स्वतःच स्वतःची जाहिरात करताय. रॅपचंही तेच, आरसीवर पांढरी आणि रस्त्यावर मॅट हिरवी असेल तर अडवणारच. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या, त्याची सोय आहे. व्हीआरएसला ह्यातलं काहीच लागत नाही, तिचे २३० पीएस कागदावर २३० च आहेत, आणि माझ्या मते हा फरक ब्रेकच्या डिस्कहून मोठा आहे.

८. इन्शुरन्स क्लेम नाकारतात का रिमॅप असेल तर?

नाकारू शकतात, बदल कळवलेले नसतील तर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडकतो. समोरच्याला लागलं असेल तर बहुतेक वेळा कोर्ट इन्शुरन्स कंपनीला आधी पैसे भरायला लावतं, पण नंतर कंपनी ते तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, आणि ती रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी असू शकते.

फॅक्टरी गाडीवाल्यांनी खुश होऊ नये, त्यांच्यापुढे वेगळी अडचण आहे. आयडीव्ही (इन्शुरन्स कंपनी धरते ती गाडीची किंमत) ठरवताना घसारा ठरलेला असतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के, आणि पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी आपसात ठरवता. एजंट काय करतो तर ऑक्टाव्हिया टाइप करतो, कॉम्प्युटरनं जो आकडा दिला तो चिकटवतो, आणि तुमची २४५ कागदावर एका साध्या ऑक्टाव्हियाच्या भावात जाते. गाडी टोटल लॉस झाली तर तेवढेच मिळणार आणि तेवढ्यात दुसरी २४५ येत नाही. मावसभावानं दोन वर्षं लक्षच दिलं नव्हतं, मग रिन्यूअलच्या वेळी तशाच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती प्रिंट काढून एजंटसमोर ठेवल्या आणि आकडा वर घ्यायला लावला. प्रीमियम वाढला, वाढू दे.

९. विकणारा म्हणतो गाडी ‘एकदम स्टॉक’ आहे. ट्यून करून परत स्टॉक केली असेल तर कसं ओळखायचं?

ह्याचं एक वाक्यात उत्तर नाही, म्हणून एक प्रसंगच सांगतो. नाशिकहून एक पांढरी १.८ बघायला आली होती मित्रासाठी, सत्तर हजार किलोमीटर, मालक गोड बोलणारा, सगळी सर्व्हिस बिलं फाइलमध्ये. भोसरीतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली. फोरमन खाली गेला, टॉर्च मारला आणि काही न बोलता मला बोटानं खूण केली. बाकी सगळं एक्झॉस्ट सत्तर हजार किलोमीटरचं, तांबूस, चिखलाचे थर बसलेलं, आणि डाऊनपाइप जिथे मागच्या पाइपला जोडतो तिथला क्लॅम्प चकचकीत नवा. वरच्या हीट शील्डचे दोन बोल्ट वेगळ्याच हेडचे, एक नाहीच. म्हणजे डाऊनपाइप काढलेला आणि विकायच्या आधी परत बसवलेला. मालकाला विचारलं तर म्हणाला, ‘आधीच्या मालकानं केलं असेल’. आरसीवर पहिला मालक तोच होता.

तर बघायचं काय: एक्झॉस्टचे जोड आणि बोल्टची डोकी. एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू, सारखे काढघाल केलेल्या स्क्रूंची खाच झिजलेली असते. मग स्कॅनर लावा. विकायच्या आदल्या दिवशी कोणी एरर कोड पुसले असतील तर रेडिनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारे) ‘नॉट रेडी’ दिसतात, आणि महिनोन्महिने रोज चालणाऱ्या गाडीत ते तसे दिसायला काहीच कारण नसतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जोडली तर ईसीयूशी छेडछाड झाल्याची खूण त्यांच्या सिस्टीममध्ये टीडी१ नावानं लागलेली असू शकते, पण गाडी ट्यून झाल्यावर तिथे कधी गेलीच नसेल तर तीही नसते, म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबू नका.

आणि शेवटी चालवून बघा, पण थंड नाही, तापवून. अर्धा तास गर्दीत, मग चढावर पहिला-दुसरा. थरथराट असेल तर तिथेच कळतो (प्रश्न २). विकणारा ‘हायवेवरच चालवा ना, खरी मजा तिथे’ असा आग्रह धरत असेल तर गर्दीतच घ्या.

१०. व्हीआरएसचा बंपर आणि बॅज लावलेली १.८ कशी ओळखायची?

आरसी काढा, क्युबिक कपॅसिटी बघा. १७९८ असेल तर १.८, १९८४ असेल तर २.०. झालं. इतका सोपा प्रकार आहे तरी लोक बॅजवर टोकन देऊन येतात. पुढची डिस्क मोजली तरी कळतं (प्रश्न ४), पण आरसी बघायला गुडघे टेकावे लागत नाहीत. मात्र प्रश्न ६ मधली २०२१ ची २.० पण १९८४ चीच आहे, तेव्हा मॉडेलचं वर्ष आणि व्हेरिएंटचं नावही सोबत बघा.

११. आरएस लिहिलेली प्रत्येक स्कोडा परफॉर्मन्स मॉडेलच असते ना?

नसते. लॉरा आरएस आठवते का, २०११ ची? दिसायला झकास, मॅन्युअल गिअरबॉक्स, चालवायलाही गोड, पण इंजिन साध्या लॉरा १.८ टीएसआयचंच, १६० पीएस. तिचा मान वेगळ्या कारणासाठी आहे आणि मला स्वतःला ती फार आवडते, पण ‘फॅक्टरीनं ताकद वाढवलेली’ म्हणून कोणी तिचे जास्त पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. उलट २००० च्या दशकातली पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस, १.८ टर्बो, १५० पीएसवाली, ती खरी. आजच्या मानानं आकडा किरकोळ वाटतो, तेव्हा रस्त्यावर दुसरं होतं काय.

१२. रिमॅप केलेल्या गाडीत पेट्रोल कुठलं टाकायचं? गावाला जाताना १०० ऑक्टेन मिळत नाही.

ज्या पेट्रोलवर मॅप बनवला तेच. हे ट्यूनरला तोंडी नाही, लिहून विचारा. ९५ ऑक्टेनवरचा मॅप असेल तर फारशी चिंता नाही. एक्सपी१०० वगैरेवर बनवलेला असेल तर पुण्या-मुंबईत ठीक आहे, लिटरला साध्या पेट्रोलपेक्षा खूपच जास्त पैसे मोजायची तयारी ठेवा, पण समृद्धीनं नागपूरला निघालात आणि वाटेत साधं पेट्रोल भरावं लागलं तर नॉक सेन्सर (इंजिनातली खटखट ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, गाडी मंदावते. तेवढ्यावर इंजिन लगेच मरत नाही, पण मे महिन्यात, एसी चालू, चार माणसं, आणि पाय पूर्ण दाबून १२० ला पोचायची घाई, हे सगळं एकत्र आलं की मी त्या इंजिनाच्या जागी नको. चांगला ट्यूनर दोन मॅप देतो, प्रवासाचा वेगळा. आणखी एक, डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) ग्राफ दाखवतील तर तो कुठल्या महिन्यातला ते विचारा. डिसेंबरच्या पहाटेचे पीएस एप्रिलच्या दुपारी खंबाटकीला मिळत नाहीत, हवा तापली की कुठल्याही टर्बो गाडीची ताकद उतरते, स्टेज २ ला जुनाच इंटरकूलर ठेवला असेल तर जरा जास्तच.

व्हीआरएसवाल्यांनी पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलंय ते वाचावं, एवढंच त्यांचं काम.

१३. कमी गाड्या आहेत म्हणजे किंमत वाढतच जाणार ना? गुंतवणूक म्हणून घेऊ का?

गुंतवणूक म्हणून सोनं घ्या, मावशी खुश होतील. दुर्मिळ असणं आणि लोकांना हवं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. फोक्सवॅगन पोलो जीटीआय बघा, २०१६ मध्ये आली, फक्त ९९ गाड्या, १९२ पीएस, तीन दारांची, २५.९९ लाख. ९९ च होत्या तरी पटापट गेल्या नाहीत आणि पुढच्याच वर्षी कंपनीला किंमत १९.९९ लाखांवर आणावी लागली. ज्यांनी पहिल्या आठवड्यात घेतली त्यांचे चेहरे काय झाले असतील. आणि दुसरीकडे २०२५ च्या ऑक्टोबरात नवी ऑक्टाव्हिया आरएस आली, २६५ पीएस, ४९.९९ लाख, १०० गाड्या, त्या बुकिंग उघडताच संपल्या.

म्हणजे आकडा दोन्हीकडे शंभराच्याच घरात. फरक गरजेचा. ऑक्टाव्हियात चार माणसं, आजी आणि गणपतीची मूर्ती सगळं बसतं, तीन दारांच्या पोलोत मागे बसायचं म्हणजे योगासन. बायकोला, आईला पटवता येते ती गाडी टिकून राहते बाजारात, हे माझं साधं निरीक्षण आहे.

मॉडिफाय केलेल्या गाडीचं गणित मात्र सरळ आहे: मॉड्सवर घातलेले पैसे परत येत नाहीत. शहाणे लोक विकायच्या आधी पार्ट काढून वेगळे विकतात आणि गाडी स्टॉक करून वेगळी. म्हणून स्टॉक पार्ट फेकू नका. माझा जुना एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) दोन वर्षं माळ्यावर होता, आई दर दिवाळीला विचारायची हे काय आहे, गाडी विकताना तोच कामाला आला.

१४. व्हीआरएसचे पार्ट मिळतात का? ऑक्टाव्हिया बंद झाली ना.

इंजिन-गिअरबॉक्सची फार काळजी नको, तेच २.० टीएसआय फोक्सवॅगन ग्रुपच्या बऱ्याच गाड्यांत आहे आणि आता बाहेरची गॅरेजेसही शिकली आहेत. २३० च्या गिअरबॉक्सचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, त्याचं बिल आहे का ते आधी बघा, नसेल तर भाव कमी करा. ईए८८८ मध्ये थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपचं प्लास्टिकचं हाउसिंग गळतं, हे १.८ आणि २.० दोन्हीला लागू, कूलंट कमी होत असेल तर पहिला संशय तिथेच.

रडायला लावतो तो बंपर. पुढचा बंपर, त्याची जाळी, सीटचं कापड, बॅज, ह्या गोष्टी व्हीआरएसच्याच, आणि २४५ तर आख्खी बाहेरून आलेली. रिक्षा घासून गेली तर कधी कधी महिनोन्महिने वाट बघावी लागते. गाडी घेताना पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) लावून पुढचा भाग तपासा, आणि बंपरच्या आतल्या बाजूला जोडलेल्या-चिकटवलेल्या खुणा आहेत का ते हात घालून बघा. साध्या १.८ चा बंपर त्यामानानं सहज मिळतो.

१५. चांगली व्हीआरएस केरळात मिळतेय, आणू का?

आणा, पण हिशोब करून. एनओसी (फॉर्म २८), कर्ज असेल तर ते आरसीवरून काढायला फॉर्म ३५, मग मालकी बदलायला २९ आणि ३०, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवणार असाल तर महाराष्ट्राचा नंबर आणि इथला टॅक्स. २४५ इम्पोर्टेड असल्यामुळे टॅक्सचा दर वेगळा लागू शकतो, टोकन देण्याआधी आरटीओत नीट विचारून घ्या. किनाऱ्याजवळची गाडी असेल तर खालून गंज बघा. आणि मॉडिफाय केलेली गाडी बाहेरच्या राज्यातून आणायची असेल तर इथे आरटीओत तपासणीला उभी राहणार हे विसरू नका (प्रश्न ७).

१६. म्हणजे मॉडिफाय केलेली कधीच घेऊ नये का?

असं कुठे म्हटलं. एका प्रकारची घ्यावी: पहिल्याच मालकाची, ज्यानं क्लच पॅक किंवा गिअरबॉक्सचं काम आधी केलं आणि ताकद नंतर वाढवली, ज्याच्याकडे प्रत्येक पार्टचं बिल आहे, स्टॉक पार्ट खोक्यात आहेत, ट्यूनरचं नाव सांगताना तो अडखळत नाही, आणि जो स्वतःहून सांगतो की ‘हे हे बिघडलं होतं’. असा माणूस चिंचवडला भेटला होता एकदा, त्याच्याकडे एक्सेल शीट होती, अगदी वायपर ब्लेडपासून. गाडी घेतली नाही कारण पैसे नव्हते, पण आजही तिची आठवण येते.

दुसऱ्याचं अर्धवट प्रोजेक्ट मात्र नको. त्याच्या स्वप्नाचे हप्ते तुम्ही भरत बसता. हौस असेल तर स्टॉक गाडी घ्या आणि स्वतःच्या हातानं बिघडवा, निदान काय केलं ते माहीत तरी असतं.

१७. आणि व्हीआरएसच रिमॅप केलेली मिळत असेल तर? दोन्हीचा फायदा ना?

हा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी ठेवला. यंत्र म्हणून बघाल तर हो, वेट क्लच गिअरबॉक्सला जास्त टॉर्क झेपतो, आयएस२० ला अजून दम असतो, १.८ पेक्षा हा मॅप कितीतरी सुरक्षित. पण ज्या कारणांसाठी तुम्ही व्हीआरएसचे जास्त पैसे देणार होतात, म्हणजे कागद सरळ, इन्शुरन्स सरळ, पुढच्या गिऱ्हाईकाला सांगायला सोपं, ती सगळी ह्या मॅपबरोबर जातात. मग तिला मॉडिफाय केलेल्या गाडीचाच भाव द्या, व्हीआरएसचा नाही, आणि प्रश्न ९ मधली तपासणी जशीच्या तशी करा. नवीन २०२५ वाली ज्यांना मिळाली आहे त्यांनी वॉरंटी संपेपर्यंत लॅपटॉपवाल्या मित्रांना गाडीपासून लांब ठेवा, टीडी१ तिथे खरोखर महागात पडतो.

मावसभावाची २३० अजून स्टॉक आहे. दर दोन-तीन महिन्यांनी रात्री अकरा वाजता त्याचा मेसेज येतो, ‘फक्त स्टेज १, बाकी काही नाही’, आणि मी उत्तर म्हणून माझ्या त्या क्लच पॅकच्या बिलाचा फोटो पाठवतो.